सिझरची तारीख ठरली आहे? शेवटच्या महिन्याची तयारी, नागपुरातल्या आईसाठी

माझं पहिलं बाळ पायाळू होतं. छत्तिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत डोकं वरच दिसलं आणि डॉक्टरांनी सिझरची तारीख दिली. घरी आल्यावर सासूबाईंनी पंचांग काढलं, आईने डिंक-अळीव आणायला माणूस इतवारीत धाडला, नवऱ्याने बाळाचे कपडे घेतले. तयारी जोरात चालली होती, पण ऑपरेशनच्या टेबलावर जिला झोपायचं होतं तिला काहीच माहीत नव्हतं. त्या सकाळी बोटं इतकी सुजली होती की अंगठी निघेना. साबण लावून, दोऱ्याने ओढून ती काढताना मी रडकुंडीला आले. त्यात दुसऱ्या एका बाईला तातडीने थिएटरमध्ये घ्यावं लागलं, माझा नंबर पाच तास पुढे गेला, आणि रात्री नऊपासून पाणीही न घेतलेली मी दुपारी दोनपर्यंत तशीच पडून होते. सलाईन मागता येतं, हेही मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी मी सगळं विचारून, लिहून घेतलं. ऑपरेशन डॉक्टर करतात. पण अंगात रक्त किती, उपास किती तासांचा, रात्री बाळ कोण घेणार, पाणी कोण भरणार, ही तयारी घरची असते. ती बाळंत होणाऱ्या बाईला स्वतःला ठाऊक असली पाहिजे, नुसती तिच्या आईला आणि सासूला नाही.

आधी कारण, मग तारीख

सिझर का करायचं, ते डॉक्टरांना फाइलमध्ये लिहायला सांगा. वार (प्लासेंटा) खाली असणं, बाळ आडवं किंवा पायाळू असणं, आधीची दोन सिझर, जुळी, वाढलेलं बीपी, अशी कारणं असतात. आधी एकच सिझर झालं असेल तर दुसरी बाळंतपणं नेहमी सिझरच होतात असं नाही. टाका कसा आहे, मागचं कारण काय होतं आणि दवाखान्यात चोवीस तास थिएटर तयार असतं का, यावर ते ठरतं. हा प्रश्न विचारायला लाजू नका.

आता मुहूर्त. आपल्याकडे हा विषय टळत नाही, आणि मी टाळायला सांगणारही नाही. फक्त क्रम उलटा ठेवा. आईला किंवा बाळाला धोका नसेल तर ठरवून केलेलं सिझर ३९ आठवडे पूर्ण झाल्यावरच करतात, कारण त्याआधी जन्मलेल्या बाळांना श्वासाचा त्रास होण्याचं प्रमाण जास्त असतं. फुप्फुसातलं पाणी निघून जायला हे शेवटचे दिवस उपयोगी पडतात. वार खाली असेल, जुळी असतील, बीपी किंवा साखर हाताबाहेर असेल, तर डॉक्टर आधीची तारीख देतात आणि तिथे वाद घालू नये. एरवी डॉक्टरांकडून ३९ आठवड्यांनंतरच्या दोन-तीन तारखा घ्या आणि त्यातली एक पंचांगात पाहा. पहाटे चारचा मुहूर्त सापडला तरी मी सकाळी नऊच मागेन. तेव्हा भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, सिस्टर, लॅब, रक्तपेढी सगळे जागेवर असतात.

वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर किंवा पलीकडून छिंदवाडा-बालाघाटहून नागपूरला येणाऱ्या बायकांनी ३७व्या आठवड्यापासून नागपुरातच कोणाकडे तरी राहावं. वार खाली असेल तर डॉक्टर त्याच्याही आधी बोलावतील. पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून किंवा हैदराबादहून माहेरी येत असाल तर इथल्या डॉक्टरांना किमान दोन भेटी देता येतील इतकं आधी या. सोबत पूर्ण फाइल आणा, नुसते मोबाइलमधले फोटो नकोत.

रक्त: सगळ्यात मोठं काम

माझ्या मते शेवटच्या महिन्यातलं अर्धं लक्ष इथे द्यावं. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. सिझरमध्ये साध्या बाळंतपणापेक्षा जास्त रक्त जातं, म्हणून आठ-नऊवर टेबलावर जाणारी बाई बाळंतपणानंतर कितीतरी आठवडे ओढलेली राहते. चौतिसाव्या आठवड्याला हिमोग्लोबिन तपासून घ्या. तेव्हा कमी निघालं तर लोहाच्या गोळ्यांना किंवा शिरेतून द्यायच्या लोहाला काम करायला वेळ मिळतो. ऑपरेशनच्या आठवड्यात कळलं तर बाटली चढवण्यावाचून फारसा मार्ग उरत नाही.

लोहाची गोळी चहा, दूध आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. लिंबूपाणी किंवा संत्रं बरोबर घेतलं तर लोह अंगी लागतं. आपल्या गावात मोसमात तरी संत्र्याची कमी नाही.

विदर्भात आणखी एक तपासणी विसरायची नाही, ती सिकलसेलची, म्हणजे आई-वडिलांकडून येणाऱ्या, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या रक्ताच्या आजाराची. इथल्या अनेक समाजांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि कित्येकींना आपण वाहक आहोत हे गरोदरपणातच पहिल्यांदा कळतं. नुसत्या वाहक असाल तर सहसा घाबरायचं कारण नाही, पण नवऱ्याचीही तपासणी करा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आजार असेल तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही आधीच माहीत असायला हवं. शरीरात पाणी कमी पडणं, थंडी वाजणं, प्राणवायू कमी होणं यांनी सिकलसेलचा झटका येतो, आणि थिएटरमधला गारठा व लांबलेला उपास त्याला पुरेसा होऊ शकतो. अशा बाईने लोहाच्या गोळ्याही तपासणीशिवाय स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर बाळाचा गट जन्मल्यावर लगेच तपासतात. तो पॉझिटिव्ह निघाला तर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं. हे फाइलवर लाल पेनाने लिहून ठेवा.

रक्ताची पिशवी राखून ठेवावी लागेल का, आणि कुठल्या रक्तपेढीतून, ते आधी विचारा. तुमच्या गटाचे दोन धडधाकट नातेवाईक सांगून ठेवा. उन्हाळ्यात कॉलेजं बंद असतात, शिबिरं कमी होतात, आणि निगेटिव्ह गट मिळवताना धावपळ होते.

भूलतज्ज्ञाला आधी भेटा

बऱ्याच जणींना भूलतज्ज्ञ पहिल्यांदा दिसतात ते थिएटरमध्ये. शक्य असेल तर आधी भेट मागा. दमा, थायरॉइड, कुठल्याही औषधाची अ‍ॅलर्जी, पाठीचं जुनं ऑपरेशन, आधीच्या भुलेचा त्रास, हलणारा दात, सगळं सांगा. रक्त पातळ करणारी गोळी किंवा पोटात टोचायचं हेपॅरिन चालू असेल तर ते कधी थांबवायचं, हे त्यांनीच ठरवायचं असतं. त्याचा शेवटचा डोस आणि भुलेचं पाठीतलं इंजेक्शन यांत ठरावीक तासांचं अंतर लागतं. बीपी, थायरॉइड, इन्सुलिन यांपैकी ऑपरेशनच्या सकाळी काय घ्यायचं, काय नाही, ते कागदावर लिहून घ्या.

पाठीतल्या इंजेक्शनने जन्मभर कंबर दुखते असं घरोघरी सांगतात. गरोदरपणात सैल झालेले सांधे, नंतर वाकून पाजणं, बाळाला उचलणं, यांनी कंबर धरते. सुईच्या जागी काही दिवस दुखतं, ते जातं. थोड्या जणींना मात्र नंतर वेगळ्याच प्रकारची डोकेदुखी होते. उठून बसलं की डोकं फुटतं आणि आडवं झालं की थांबतं. ती सहन करत बसायची नाही, तिच्यावर उपाय आहे. भूलतज्ज्ञांना कळवा.

पैसे आणि कागद

धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी दवाखान्यात जाणार असाल तर अंदाजपत्रक लेखी मागा. खोली, थिएटर, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, औषधं, आणि बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर रोजचा खर्च, हे वेगवेगळं विचारा. विमा असेल तर त्यात बाळंतपण आहे का, प्रतीक्षेचा काळ संपला का, आणि बाळ पहिल्या दिवसापासून धरलं जातं का, ते पाहा. कॅशलेसची मंजुरी दोन-तीन दिवस आधी टाका.

मेडिकल, मेयो आणि डागा या सरकारी रुग्णालयांत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझर मोफत आहे. २०११पासूनच्या या योजनेत औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, सिझरनंतर सात दिवसांपर्यंतचा आहार आणि घरी सोडायचं वाहन हेही धरलेलं आहे. माता-बाल संरक्षण कार्ड आणि आधार सोबत ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तज्ज्ञ-तपासणी असते, तीही चुकवू नका. गाडीची सोय नसेल तर १०२ आणि १०८ हे दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

संमतीपत्र मराठीत मागा आणि वाचूनच सही करा. सिझरच्या वेळीच तांबी बसवता येते, नसबंदीही करता येते. पण हा निर्णय आधी शांतपणे घ्यायचा असतो, आणि तो तुमचा असतो. टेबलावर झोपल्यावर कोणी बाहेरून निरोप पाठवून विचारावा, अशी ही गोष्ट नव्हे.

घर लावून ठेवा

पोटावर टाके असताना जमिनीवरच्या गादीवरून उठणं फार कठीण जातं. गुडघ्याच्या उंचीचा पलंग हवा. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची भाड्याने आणा, मेडिकल चौकाच्या बाजूला अशी दुकानं आहेत. वरच्या मजल्यावर राहत असाल तर पहिले दोन आठवडे खाली बिछाना लागेल का, ते पाहा. जिना चढता येतो, पण दिवसातून एखाद्याच वेळी.

कोण काय करणार, ते नावानिशी ठरवा. रात्री बाळाला उचलून माझ्याजवळ कोण देणार, हे मी दुसऱ्या वेळी नवऱ्याच्या नावावर लिहिलं आणि तेच सगळ्यात उपयोगी ठरलं. मोठं मूल असेल तर ते चार दिवस कुणाकडे राहील, हे त्यालाही आठवडाभर आधीपासून सांगत राहा. परत आल्यावर ते धावत येऊन पोटावर चढतं, तेव्हा मांडीवर उशी ठेवून मगच त्याला जवळ घ्या.

पिशवी

आईसाठी समोरून उघडणारे सुती गाऊन, टाक्याच्या वर येतील अशा उंच कमरेच्या चड्ड्या, मोठे पॅड, न घसरणारी चप्पल, झोपून पाणी पिता यावं म्हणून स्ट्रॉ, लांब वायरचा चार्जर. बाळासाठी धुतलेली जुनी मऊ झबली, लंगोट, टोपडी, दुपटी. नवा कपडा न धुता घालू नका. फाइल वेगळ्या पिशवीत.

आदला दिवस आणि उपास

अंगठ्या आठव्या महिन्यातच काढून ठेवा. जोडवी, मंगळसूत्र, नथ घरीच उतरवा, कारण थिएटरमध्ये विजेच्या उपकरणाने रक्त थांबवतात आणि अंगावरच्या धातूजवळ चटका बसू शकतो. डोहाळजेवणातला हिरवा चुडा मनगटावर असेल तर सलाईनची सुई लावायला अडचण होते. सासूबाईंना आधीच विश्वासात घ्या, त्या दिवशी वाद नको. नेलपॉलिश पुसा, आणि महिनाभर आधीपासून बोटांच्या टोकांना मेंदी नको. बोटाला लावायच्या यंत्राला प्राणवायू मोजताना त्याचा अडथळा होतो. केसांच्या दोन वेण्या घाला, एक जाड वेणी उताणं झोपल्यावर टोचते. खालचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. बारीक कापलं गेलं तर जंतुसंसर्गाची भीती वाढते, गरज असेल तर दवाखान्यात मशिनने छाटतात. आदल्या रात्री आणि सकाळी स्वच्छ आंघोळ करा.

उपासाचा साधारण नियम असा की तेलकट-जड जेवणानंतर आठ तास, हलक्या खाण्यानंतर सहा तास, आणि साध्या पाण्यानंतर दोन तास जायला हवेत. सकाळी नऊचं ऑपरेशन असेल तर रात्री नऊ-दहाला वरण-भात, आणि पाणी सकाळी सातपर्यंत. पण साखर, बीपी किंवा अ‍ॅसिडिटीचा जास्त त्रास असेल तर भूलतज्ज्ञ वेगळं सांगतील, आणि त्यांचं सांगणं या लेखापेक्षा मोठं. दूध आणि दुधाचा चहा पाण्यात मोजायचे नाहीत, ते खाण्यातच धरतात. आणि आदल्या रात्री पाहुण्यांसाठी सावजी रस्सा आलाच, तर तो पाहुण्यांनाच खाऊ द्या.

ऑपरेशन पुढे ढकललं गेलं तर स्पष्ट विचारा: "मला आता पाणी घेता येईल का? सलाईन लावता का?" दुसऱ्या बाईचा जीव वाचवायला थिएटर जातं, ते बरोबरच आहे. पण मे महिन्यात नागपुरातल्या गरोदर बाईने सतरा तास कोरडं राहू नये.

तारखेआधीच कळा आल्या तर

ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नाही. पाणी गेलं, नियमित कळा सुरू झाल्या, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर काही न खाता सरळ दवाखाना गाठा. वार खाली असेल तर रक्ताचा एक डागही पुरेसा आहे. रात्रीचा रस्ता, गाडी कोण चालवणार आणि दवाखान्याचं कुठलं दार रात्री उघडं असतं, हे एकदा पाहून ठेवा. धंतोलीत दिवसा गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून उतरवून देणारा वेगळा आणि सोबत आत जाणारा वेगळा असावा.

थिएटरमध्ये

आत खूप थंड असतं. बसवून, पाठ मांजरीसारखी गोल करायला सांगून कमरेत इंजेक्शन देतात. त्या क्षणी हलू नका, सिस्टरचा खांदा घट्ट धरा. काही मिनिटांत पाय गरम, मग जड होतात. बीपी उतरल्याने मळमळतं, अंग थरथरतं. ते नेहमीचं आहे, पण मोठ्याने सांगा, लगेच औषध देतात. दुखत नाही, पण ओढल्यासारखं, दाबल्यासारखं जाणवतं. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी पहिल्या वेळी घाबरले होते. छेद दिल्यापासून बाळ सहसा पाच-दहा मिनिटांत बाहेर येतं, टाके घालायला त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. सगळं मिळून पाऊण ते एक तास.

बाळ ठीक असेल तर त्याला छातीवर द्याल का, नाळ कापायला एखादं मिनिट थांबाल का, आणि नवऱ्याला आत येऊ देता का, हे आधीच्या भेटीत विचारा. दवाखान्यागणिक उत्तर बदलतं.

पहिले दोन दिवस

पहिल्या तासात बाळाला अंगाला लावा. सिझरवाल्या बाईला दूध येत नाही, हे खरं नाही. भरपूर दूध उतरायला एखादा दिवस उशीर होतो इतकंच, आणि पिवळा चीक चमचाभर असला तरी त्या दिवसाला पुरतो. मध, गूळपाणी, घुटी काही नको. कुशीवर झोपून, किंवा बाळाचे पाय तुमच्या काखेखालून मागे जातील असं धरून पाजलं तर टाक्यांवर भार येत नाही. एखाद्या सिस्टरला दोन्ही पद्धती दाखवायला सांगा.

डॉक्टर परवानगी देतील तेव्हा, बहुतेक त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी, उठून चाला. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने जोर देऊन बसा, मिनिटभर थांबा, मग उभं राहा. खोकताना उशी पोटावर दाबा. चालल्याने पोटातला वायू सरतो आणि पायाच्या शिरांत रक्त गोठण्याची भीती कमी होते. वेदनाशामक वेळेवर घ्या. दुखणं सोसलं तर चालणंही होत नाही आणि पाजणंही. बाळाला २४ तासांच्या आत कावीळ-ब ची लस आणि व्हिटॅमिन के दिलं का, ते कार्डावर पाहा.

घरी, नागपूरच्या हवेत

बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, खोली बंद करायची, खाटेखाली शेगडी ठेवायची, ही रीत अजून कुठे कुठे दिसते. पारा ४५च्या पुढे जातो त्या गावात ती जिवावर बेतू शकते, आणि बंद खोलीतला कोळशाचा धूर थंडीतही घातक असतो. आईने तहान लागेल तितकं पाणी प्यावं. बाळाला मात्र सहा महिने वरचं पाणी नको, उन्हाळ्यातही दूधच पुरतं. कूलर चालतो, झोत अंगावर नको आणि खिडकी थोडी उघडी हवी. टाकी आठवड्याला रिकामी करून घासायची, नाहीतर डासांची पैदास खोलीतच होते. बाळाला उन्हाळ्यात एकच सुती झबलं पुरतं.

डिंकाचे, मेथीचे लाडू खा, पण वरण, अंडी, पालेभाजी, फळं कमी करू नका. बद्धकोष्ठ झालं की टाके ओढतात. बाळापेक्षा जड काही सहा आठवडे उचलू नका. पाण्याची बादलीही नाही. बारशाला शंभर माणसं बोलवायचीच असतील तर बाराव्या दिवसाऐवजी सव्वा महिन्यानंतर बोलवा, असं मी आग्रहाने सांगेन.

ताप १००.४च्या वर, टाक्यातून पू किंवा वास, तासाभरात पॅड भिजेल इतकं रक्त, एकाच पोटरीत सूज व दुखणं, धाप, डोळ्यांपुढे अंधारी येऊन डोकं ठणकणं: यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता जा. पंधरा दिवस उलटूनही रडू थांबत नसेल, बाळाजवळ जावंसंच वाटत नसेल, तर तेही डॉक्टरांना तितक्याच मोकळेपणाने सांगा.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायची असते. दवाखाना ती महापालिकेकडे पाठवतो, पण आई-वडिलांच्या नावाचं स्पेलिंग फॉर्मवर स्वतः तपासा. डिस्चार्ज कार्ड घेताना गर्भाशयावरचा छेद आडवा आहे की उभा, ते त्यावर लिहिलं आहे का बघा, नसेल तर तिथेच लिहून मागा. पुढचं बाळंतपण साधं करता येईल का, हे त्यावरही ठरतं, म्हणून ते कार्ड बाळाच्या जन्मदाखल्याच्या फाइलमध्येच ठेवा.